पात्याला खड्डा पडला : सुरी घासताना झालेल्या चुका कशा निस्तराव्यात?

निमकारागीर

नमस्कार. गेल्या दीड वर्षापासून सुट्टीच्या दिवशी घरी हाताने सुऱ्या बनवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. दोन सुऱ्या पूर्ण झाल्या आणि त्या कामचलाऊ निघाल्या. ही तिसरी आहे. जुन्या बाजारात एका रविवारी ट्रकच्या कमानपाट्याचा हातभर तुकडा मिळाला. पाट्याच्या पोलादाला मुळात पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून झटकन थंड करून ते कडक केलेले असते, त्यामुळे कानस त्यावर फार कष्टाने चावते. म्हणून ओळखीच्या लोहाराकडून तो भट्टीत लाल करून, सरळ करून घेतला आणि राखेत रात्रभर पुरून नरम केला. खवले काढून दोन्ही बाजू सपाट केल्यावर जाडी ४.५ मिमी उरली. पाते ११० मिमी लांब आणि पाठीपासून धारेपर्यंत ३२ मिमी रुंद आहे. धारेपासून २४ मिमी उंचीपर्यंत दोन्ही अंगांना उतार काढायचा आणि पाणी देण्यापूर्वी धारेला १ मिमी जाडी ठेवायची, असे ठरवले होते.

पहिल्या दोन सुऱ्यांचे उतार मी संपूर्णपणे कानशीने काढले होते. या वेळी कंटाळा केला आणि ४ इंची अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पाकळ्यांची चकती) लावून अर्ध्या तासात काम उरकले. त्याचे फळ असे, की उजव्या अंगाला पात्याच्या मध्यावर एक खड्डा पडला आहे. मुठीकडे जिथे उतार सुरू होतो ती प्लंजची रेघ उजवीकडे डावीपेक्षा २ मिमी मागे गेली आहे. आणि टोकाजवळच्या शेवटच्या २० मिमीमध्ये धार मध्यरेषा सोडून डावीकडे कललेली दिसते. अजून पाणी दिलेले नाही. खड्डा घालवण्यासाठी तेवढीच जागा थोडी थोडी घासून पाहिली, तर तो अधिकच पसरट झाला. हे पाते वाचवता येईल, की भंगारात टाकून नवा तुकडा कापावा?

टूलरूमवाला

भंगारात टाकू नका, पण आता आठवडाभर त्याला हातही लावू नका. भोसरीच्या एका टूलरूममध्ये (कारखान्याच्या साचे-अवजारे बनवणाऱ्या विभागात) मी ३१ वर्षे काढली आणि तेथे सर्वांत जास्त जॉब चुकीमुळे नव्हे, तर चूक लगेच सुधारण्याच्या घाईमुळे वाया गेलेले पाहिले. खड्ड्याच्या जागीच घासत राहिल्यास खड्डा कधीच जात नाही, कारण तेथे आधीच धातू कमी आहे आणि आपण तेथूनच आणखी काढत असतो. खड्डा हा तळ मानायचा असतो आणि आजूबाजूचा सगळा उतार त्या तळापर्यंत खाली आणायचा असतो.

हे करण्यापूर्वी मोजमाप हवे. आपण लांबी, रुंदी, जाडी व्यवस्थित लिहिली आहे. परंतु खड्डा किती खोल आहे आणि धारेपासून किती उंचीवर आहे, याच दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत. दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात स्पार्क प्लगची गॅप तपासण्यासाठी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा असतो, तो घ्या. सरळ कडेची पोलादी पट्टी उतारावर पात्याच्या लांबीच्या दिशेने उभी धरा आणि खड्ड्यावर पट्टीखाली कोणते पान जाते, कोणते अडते, ते पाहा. धारेची जाडी पण टोकापासून दर २० मिमीवर व्हर्नियरने मोजून लिहा.

शंकेखोर

खड्डा वेल्डिंगने भरून पुन्हा घासता येणार नाही का? आमच्या गल्लीतला वेल्डर मोटारसायकलच्या तुटलेल्या लिव्हरचा गेलेला भाग भरून देतो आणि नंतर सांधा कळतही नाही.

पाणीदार

लिव्हरला धार लावायची नसते, शंकेखोर. नेहमीच्या वेल्डिंगची तार सौम्य पोलादाची असते. तिच्यात कार्बन इतका कमी असतो, की पाणी दिल्यावर पाते कडक होईल आणि भरलेला ठिपका मऊच राहील. त्याहून वाईट म्हणजे, कमानपाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन असल्यामुळे वेल्डच्या कडेचा पट्टा झपाट्याने थंड होताना ठिसूळ होतो आणि तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात. पाणी देताना त्या भेगा उघडतात. पात्यावर वेल्डिंग हा विषय येथेच सोडावा.

निमकारागीर

मोजमाप केले. खड्ड्यात ०.३० चे पान जाते, ०.३५ चे अडते. खड्ड्याचा मध्य धारेपासून १८ मिमी उंचीवर, म्हणजे उताराच्या वरच्या भागात आहे. लांबी सुमारे १२ मिमी. धारेची जाडी मुठीकडून टोकाकडे येताना १.०, १.०, १.१, १.० अशी ठीक आहे, पण टोकाजवळ एकदम ०.६ झाली आहे. टोकाशी धारेचा मध्य ०.२ मिमी डावीकडे आहे.

टूलरूमवाला

आता बोलता येते, आणि बातमी चांगली आहे. माझे गणित सर्वांनी तपासून पाहावे.

पात्याची अर्धी जाडी २.२५ मिमी आणि धारेची अर्धी जाडी ०.५ मिमी. म्हणजे एका अंगाचा उतार २४ मिमी उंचीत १.७५ मिमी खाली येतो. दर मिलिमीटरला ०.०७३. आता हाच उतार २४ मिमीवर न थांबवता पार पाठीपर्यंत, म्हणजे ३२ मिमीपर्यंत नेला, तर १.७५ मिमी हे ३२ मिमीत विभागले जातात आणि दर मिलिमीटरला ०.०५५ एवढाच उतार लागतो. धारेची जाडी आहे तशीच राहते, पाठीची जाडीही तशीच राहते, मधला भाग मात्र पातळ होतो. किती पातळ होतो, तर धारेपासून जितके मिलिमीटर वर जाल त्याला ०.०१८ ने गुणा. आपला खड्डा १८ मिमीवर आहे, म्हणजे तेथे जवळजवळ ०.३३ मिमी धातू निघणारच आहे. खड्डा ०.३० ते ०.३५ आहे. उतार पाठीपर्यंत नेला की खड्डा आपोआप संपतो किंवा त्याची पुसटशी सावली उरते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हाच खड्डा धारेपासून ६ मिमीवर असता, तर या उपायाने तेथे फक्त ०.११ मिमी निघाले असते आणि खड्डा तसाच राहिला असता. त्या वेळी धारच मागे घेऊन, म्हणजे पात्याची रुंदी कमी करून, सगळा उतार नव्याने काढावा लागला असता. त्यामुळे खड्डा किती खोल आहे यापेक्षा तो कोठे आहे, हे आधी विचारावे. वरचा खड्डा उतार वाढवून जातो. खालच्या खड्ड्यासाठी पाते अरुंद करण्याची किंमत मोजावी लागते.

डाव्या अंगाला खड्डा नसला तरी तेथील उतारही पाठीपर्यंत न्यावा लागेल, अन्यथा पाते एका अंगाला भरीव आणि दुसऱ्या अंगाला रोड होईल, आणि पाणी देताना वाकण्याचा धोका वाढेल. ग्राइंडर मात्र कपाटात ठेवा. १०० मिमीची डिस्क मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते आणि तिचा पात्याला टेकणारा भाग अंगठ्याएवढा असतो. हात क्षणभर रेंगाळला तरी खड्डा ठरलेला. १२ इंची बास्टर्ड (भरड दातांची) कानस शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरलेल्या पात्यावर लांबवर टेकते आणि उंचवटा आपोआप शोधते.

रविवार पेठ

गणित पटले. प्लंजच्या रेघेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

उजवी रेघ २ मिमी मागे आहे, म्हणून उजवी पुढे आणता येणार नाही, कारण तेथील धातू गेला. डावीच मागे न्यावी लागेल. जी रेघ मुठीच्या अधिक जवळ ती खरी, दुसरीने तिच्यापर्यंत यायचे. हे नुसत्या नजरेने करायला गेलात तर डावी ३ मिमी मागे जाईल, मग उजवी तिच्या मागे, आणि अशी शर्यत करता करता रेघ मुठीत शिरेल. माझ्या पहिल्या सुरीत नेमके हेच झाले होते आणि शेवटी मुठीच्या पुढे पितळेची जाड पट्टी बसवून मी ती लाज झाकली.

यावर उपाय फाइल गाइडचा. विकतची महाग पडते. पुण्याच्या बोहरी आळीत सी क्लॅम्प स्वस्तात मिळतात, ते दोन घ्या, आणि एखाद्या वर्कशॉपमधून पॉवर हॅक्सॉच्या (धातू कापणाऱ्या यंत्र-करवतीच्या) तुटलेल्या पात्याचे दोन तुकडे मागून आणा. ते हायस्पीड स्टीलचे आणि कानशीला दाद न देणारे असतात. पूर्ण पाते हायस्पीडचे असल्याची खात्री मात्र करून घ्या, कारण काही पात्यांचे फक्त दातच तसे असतात. पात्याच्या दोन्ही अंगांना हे तुकडे समोरासमोर, गुण्याने पाठीशी काटकोन तपासून, उजव्या रेघेवर क्लॅम्पने आवळा. आता डाव्या अंगाला कानस चालवली की ती गाइडपाशी येऊन घसरू लागते आणि रेघ त्यापुढे जाऊच शकत नाही. कानशीची कड आधी दगडावर घासून किंचित गोल करा, म्हणजे प्लंजच्या कोपऱ्यात धारदार खाच न पडता १ ते २ मिमी त्रिज्येची गोलाई राहील. पाणी देताना भेग जर कोठून जाणार असेल, तर ती अशाच धारदार आतल्या कोपऱ्यातून जाते.

निमकारागीर

या दोन उत्तरांबद्दल मनापासून आभार. टोकाचे काय करावे? धार डावीकडे कलली आहे, म्हणजे डावीकडे धातू कमी आहे असे समजून मी काल रात्री उजवी बाजू घासायला घेणार होतो. सुदैवाने वीज गेली.

पाणीदार

वीज मंडळाचे आभार माना. हे उलटे आहे आणि जवळजवळ प्रत्येक नवशिक्या येथे फसतो. उजवे अंग जास्त घासले गेले, म्हणून धार डावीकडे ढकलली गेली. आणखी उजवीकडे घासले असते तर ती अजून डावीकडे गेली असती. धार ज्या बाजूला कललेली दिसते त्याच बाजूचा धातू काढायचा, म्हणजे ती मध्याकडे परत येते.

तथापि, तुमच्या टोकाशी फक्त ०.६ मिमी उरले आहे. उजवीकडून ०.४ जास्त गेले. तेवढेच डावीकडून काढले तर धार मध्यावर येईल, पण तेथे ०.२ मिमीचा पत्रा उरेल. एवढी पातळ धार भट्टीत जळते, कार्बन गमावते आणि पाणी देताना लाटेसारखी वळते. म्हणून आधी टोक कमी करा. पूर्ण उतारात दोन्ही अंगे मिळून दर मिलिमीटरला ०.११ मिमी जाडी मिळते, ०.२ पासून १.० पर्यंत जाण्यासाठी साधारण ७ मिमी मागे यावे लागेल. टोकाजवळ धारेची वळणरेषा मागे घेऊन ११० चे पाते १०३ मिमीचे करा, पाठ टोकाकडे थोडी उतरती करा, म्हणजे आकार ओढूनताणून केल्यासारखा दिसणार नाही. स्वयंपाकघरात ७ मिमीची उणीव कोणालाही जाणवत नाही.

टोक पातळ का झाले तेही सांगतो. पाते टोकाकडे अरुंद होत जाते, पण आपला हाताचा दाब तेवढाच राहतो. तोच दाब कमी धातूवर पडला की तेथे जास्त घासले जाते. टोकाशी येताना दाब कमी करावा आणि मूठ हळूहळू वळवून डिस्क किंवा पट्टा धारेशी काटकोनात ठेवावा. ग्राइंडर असो वा घासकागदाचा पट्टा फिरवणारे यंत्र, हा नियम तोच आहे.

टूलरूमवाला

पाणीदारांशी सहमत. मध्यरेषेबद्दल एक जोड देतो. आपण पात्याच्या जाडीएवढ्याच, ४.५ मिमीच्या ड्रिलने मध्यावर एकच रेघ मारली असावी. ती रेघ पुसली की आधार गेला. त्याऐवजी ३.५ मिमीचे ड्रिल काचेच्या सपाट तुकड्यावर आडवे ठेवा, म्हणजे त्याचे टोक काचेपासून १.७५ मिमी उंचीवर येते. पाते त्याच काचेवर सपाट ठेवून धारेच्या कडेवर त्या टोकाने एक रेघ ओढा, मग पाते पालथे घालून दुसरी ओढा. दोन रेघांमध्ये बरोबर १ मिमी अंतर राहील आणि मध्य न मोजताच त्यांच्या मधोमध असेल. आधी कडेवर मार्किंग ब्लू (रेघ उठून दिसावी म्हणून लावायची निळी शाई) लावा. नसल्यास जाड परमनंट मार्कर चालतो. उजवे अंग उजव्या रेघेपर्यंत, डावे अंग डाव्या रेघेपर्यंत. तुमच्या पात्यात हे टोक कापल्यानंतर, नव्या कडेवर करावे लागेल, आणि तेही मूळ सपाट भाग काचेवर टेकवता येत असेपर्यंतच, म्हणजे उतार पाठीपर्यंत नेण्यापूर्वी.

शंकेखोर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा वरच्या भागावर हातोडीचे ठोके मारून तो ओबडधोबड ठेवला तर? खड्डा त्यात लपेल आणि हाताने घडवलेली सुरी म्हणून शोभूनही दिसेल. बाजारात अशा सुऱ्या आवडीने घेतात.

टूलरूमवाला

भट्टीत घडवलेल्या पात्यावर ऐरणीचे ठोके राहतात, ते खरे असतात. घासून बनवलेल्या पात्यावर नंतर मारलेले ठोके म्हणजे नव्या भिंतीवर रंगवलेली जुनी वीट. ज्याला करायचे त्याने करावे. मी करणार नाही.

पाणीदार

पुढच्या टप्प्यासाठी माझा एक धडा येथे नोंदवतो, कारण पाणी दिल्यानंतरची चूक निस्तरणे सर्वांत महाग पडते. मागच्या वर्षी एका सुरीला पाणी देऊन, ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोनदा टेम्पर करून, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवून, मी शेवटची धार पातळ करायला पट्ट्याच्या यंत्रावर बसलो. पट्टा जुना, बोथट झालेला होता आणि हातात मोजे होते, त्यामुळे उष्णता कळली नाही. टोकावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, आणि पाहता पाहता जांभळट निळा रंग चढला. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास पोचले. २०० वर ठरवलेला कडकपणा तेथे गेला. रंग पॉलिशने निघतो, गेलेला कडकपणा येत नाही. कानस लावून पाहिली तर निळ्या भागात ती चावली आणि शेजारी घसरली. शेवटी तो ४ मिमीचा भाग कापून टाकला.

तेव्हापासून पाणी दिल्यावर नवा पट्टा, उघडे हात आणि शेजारी पाण्याची बादली असाच क्रम ठेवतो. घासताना पात्याच्या वरच्या बाजूला पाण्याचा ओलावा दिसला पाहिजे. टोकावरचा थेंब आटला की त्याच क्षणी बादलीत बुडवायचे, मग घास कितीही चांगला बसलेला असो.

निमकारागीर

दोन रविवार आणि मधल्या चार संध्याकाळी गेल्या. अहवाल असा :

टोक कापून पाते १०३ मिमीचे केले आणि कडेवर ३.५ च्या ड्रिलने दोन रेघा मारल्या. ओळखीच्या एका वर्कशॉपमधून पॉवर हॅक्सॉच्या पात्याचे तुकडे मिळाले. डावी रेघ उजवीला मिळाली आणि कोठेही पुढे सरकली नाही. उतार दोन्ही अंगांना पाठीपर्यंत नेला. कानशीला दर काही मिनिटांनी खडू घासला, त्यामुळे दातांत कीस अडकून खोल ओरखडे पडले नाहीत. उतारावर मार्करने जाळी काढून कानशीचे दोन हात मारले की शाई कोठे उरली ते दिसते. पहिल्या संध्याकाळी खड्ड्यावर नखाएवढा काळा डाग होता, तिसऱ्या दिवशी तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. आज कानस आडवी धरून ओढल्यावर तोही जवळजवळ गेला आहे. खिडकीच्या उजेडात पाते तिरपे धरले तरच किंचित सावली दिसते. धारेची जाडी सगळीकडे ०.९ ते १.० आहे. ही सावली घालवण्यासाठी पुढे घासावे, की थांबावे?

टूलरूमवाला

पट्टीखाली फीलर गेजचे सर्वांत पातळ पान सरकवून पाहा.

निमकारागीर

०.०५ चे पान जात नाही.

टूलरूमवाला

मग थांबा. १२० आणि २२० ग्रिटच्या कागदाखाली सपाट लाकडी ठोकळा घेऊन घासाल, त्यात ती जाईल. बोटांनी कागद दाबू नका. बोटाखाली कागद खड्ड्याच्या तळाशीही पोचतो आणि सावली तशीच ठेवतो. प्रत्येक ग्रिटला दिशा बदला, म्हणजे आधीच्या ग्रिटचे राहिलेले ओरखडे आडवे दिसतील.

रविवार पेठ

आणि भट्टीवर नेण्यापूर्वी प्लंजच्या कोपऱ्यात भिंग लावून पाहा. उतारावरचे ओरखडे नंतरही काढता येतात. तेथे आडवा ओरखडा राहिला तर पाणी देताना त्याचीच भेग होते.

निमकारागीर

भिंगाने पाहिले. उजव्या कोपऱ्यात दोन आडवे ओरखडे होते, दोन्ही फ्लॅप डिस्कच्या वेळचे. सायकलच्या स्पोकवर २२० चा कागद गुंडाळून एक काढला आहे. दुसरा अजून नखाला लागतो. लोहाराला बुधवारऐवजी शनिवारी येतो, असे कळवले आहे.